रेंज गेली, मग हॉस्टेलचं काय?

मालगुंडहून बोलतोय. मागे गाज ऐकू येतेय ना, ती खरीच आहे, इफेक्ट नाही.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ आदळलं. आपल्या जिल्ह्यात मोठा मार दापोली-मंडणगडला, आणि दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठ. झाडं आडवी, वीज गायब, मोबाईलही मुके. लॉकडाऊनमुळे तेव्हा कॉलेजं बंद होती. भरलेलं हॉस्टेल असतं तर?

म्हणून ‘ग्रुपवर टाकतो’ हा प्लॅन नव्हे. वीज गेली की टॉवर बॅटरी नि जनरेटरवर चालतो. डिझेल संपलं की गप्प. 2023 मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते ना, ती सरकारी इशाऱ्याची चाचणी. तो इशाराही टॉवर जिवंत असेपर्यंतच येणार. म्हणजे ठरवायचं ते आधीच: वादळात काचांपासून लांब कुठल्या हॉलमध्ये जमायचं, आग लागली तर कुठल्या मैदानात, डोकी कोण मोजणार, मागच्या गेटची किल्ली कुणाकडे. एकट्या वॉचमनकाकांवर हे ढकलू नका. कुणाला दमा आहे, कोण गावी गेलंय, हे रूममेटलाच माहीत असतं.

एनएसएसच्या ‘आव्हान’ शिबिरात एनडीआरएफचे जवान शिकवतात. तुमच्यातलं कुणी जाऊन आलं असेल तर सर्टिफिकेट फ्रेम करण्याआधी त्याला मजल्यावर डेमो द्यायला लावा.

आणि 112, जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवा. हो, कागदावरच.