परताव्याचे पैसे कोणाचे?

देवास गावाला दुहेरी हिशेबाची सवय जुनी आहे. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी माळव्यात बस्तान बसविले आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत नांदल्या. आज त्याच देवासमध्ये नोटांचा सरकारी छापखाना आहे. मात्र जिथे नोटा छापल्या जातात तिथल्याच मराठी घरांतून रोकड नाहीशी होत चालल्याचे परवाच्या मुक्कामात आमच्या पाहण्यात आले.

आमच्या आप्तांच्या सूनबाई मोबाईलवरून महिन्याचे वाणसामान मागवीत होत्या. यादी नऊशे वीस रुपयांची झाली. हजाराचा आकडा गाठला तर पन्नास रुपये कॅशबॅक मिळणार होता. तेव्हा घरात दोन बरण्या भरलेल्या असताना लोणच्याची तिसरी बरणी यादीत चढली. पन्नास रुपये मिळावेत म्हणून ऐंशीहून अधिक खर्ची पडले, आणि ते पन्नासही हाती आले नाहीत. ते त्याच कंपनीच्या खात्यात जमा झाले, तेही महिन्याभरात तिथेच खर्च करण्याच्या अटीवर! सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आमच्या वाण्याने पैसे परत केले असते, तर हातावर ठेवले असते."

या बोलण्यात अर्थशास्त्र पुष्कळ आहे. दुकानदाराने बिलातच सूट दिली, तर वस्तू व सेवा कर उरलेल्या रकमेवर बसतो; कॅशबॅक मागाहून येतो, म्हणून कर मात्र पूर्ण किमतीवर भरलेला असतो. शिवाय हे पैसे आकाशातून पडत नाहीत. काही काळ ते गुंतवणूकदारांच्या भांडवलातून येतात, काही वेळा माल बनविणाऱ्या कंपनीच्या जाहिरात खर्चातून. क्रेडिट कार्ड असेल, तर दुकानदाराकडून कापलेल्या शुल्कातून. यांतले बरेचसे अखेर वस्तूच्या किमतीत मिसळते. ग्राहक आणखी एक मोबदला देतो, तो म्हणजे आपल्या घरात कोणते तेल, किती साखर आणि कोणते औषधी चूर्ण लागते याची बिनचूक नोंद.

ही गोडी केवळ व्यापाऱ्यांनी लावली असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोटाबंदीनंतर २५ डिसेंबर २०१६ पासून १४ एप्रिल २०१७ पर्यंत चाललेल्या 'लकी ग्राहक योजने'त खुद्द सरकार रोज पंधरा हजार ग्राहकांना प्रत्येकी हजार रुपये देत होते.

खरेदीवरचा परतावा ही कल्पना मुळात वाईट नाही. उलट तिचा जन्म मोठ्या स्वाभिमानातून झाला आहे. १८४४ च्या डिसेंबरात इंग्लंडमधील रॉकडेल येथे विणकर व अन्य कामगारांनी स्वतःचे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर असा मोजका माल त्यांनी ठेवला आणि नफा ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला परत करण्याचा प्रघात पाडला. दुकान सभासदांचे, म्हणून नफाही सभासदांचा. त्याच सहकाराच्या वाटेने १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी 'अपना बाजार' उभा केला. आपल्या गोव्यातही 'गोवा बागायतदार'च्या बाजारांतून हजारो घरांचे वाणसामान येते. अशा संस्थेचा हिशेब वार्षिक सभेत सभासदाला उभे राहून विचारता येतो. मोबाईलमधल्या कंपनीला तो कोणत्या सभेत विचारावा?

देवासहून आम्ही धारला गेलो. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासींची. खेड्यापाड्यांतून चालत आलेली माणसे आठवडी हाटात मीठ, तेल, साबणाची वडी रोख पैसे मोजून घेतात. साबणाच्या वेष्टनावर छापलेली किंमत धारच्या हाटात आणि पणजीच्या घरपोच सेवेत एकच असते. फरक इतकाच, की पणजीच्या गिऱ्हाइकाला त्यातले चार पैसे परत मिळतात आणि भिल्ल बाईला नाहीत. आमच्या परताव्यात तिचाही वाटा आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही, आणि आम्हांलाही नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी खोटी निकड दाखविणे, न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे अशा तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली, ते योग्यच झाले. तिथेच न थांबता, जो परतावा द्यायचा तो बिलातच वजा करावा, अथवा ग्राहकाच्या बँक खात्यात मुदतीची अट न घालता जमा करावा, असा नियम व्हावयास हवा. तसे झाले तर यांतल्या किती योजना टिकतील याविषयी आम्हांला शंका आहे.

लोणच्याची ती तिसरी बरणी मात्र वाया गेली नाही. निघताना सूनबाईंनी ती आमच्या पिशवीत घातली.