अपघाताची नुकसानभरपाई : मागणी आणि पुरावा

साखरखेर्ड्यात व्याख्यानाला उभे राहणाऱ्याला इतिहासापासून सुरुवात करण्याचा मोह आवरत नाही. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी या गावाजवळ निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली, मुबारिजखान मारला गेला आणि दक्षिणेत निजामाचे राज्य उभे राहिले, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या लढाईत हातपाय गमावलेल्या शिपायांना दाद मागायला जागा नव्हती. आज आम्हांला ज्यांच्याविषयी बोलायचे आहे तीही हातपाय गमावलेली माणसेच आहेत. त्यांच्यासाठी कायदा आहे, न्यायासन आहे, आणि तरीही त्यांतील पुष्कळजण रिकाम्या हाताने घरी बसतात. ते का, आणि तसे होऊ नये म्हणून काय करावे, हा आजचा विषय.

१ जुलै २०२३ ची रात्र आपल्या तालुक्यात कोणी विसरलेले नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर पिंपळखुट्याजवळ उलटली, तिने पेट घेतला आणि २५ प्रवासी जळून मेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. पंतप्रधान मदतनिधीतून वारसांना २ लाख आणि जखमींना ५० हजार जाहीर झाले. अशा वेळी लोक सहज म्हणून जातात, ‘चला, भरपाई तरी मिळाली.’ पहिली गफलत होते ती येथेच. सरकारने जाहीर केलेली रक्कम ही मदत होय. ती सर्वांना सारखी मिळते. मेलेला माणूस महिना ८ हजार मिळवीत होता की ८० हजार, त्याच्यामागे किती तोंडे होती, हे ती पाहत नाही. भरपाई ही निराळी वस्तू आहे. ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून, आणि मोटारीच्या बाबतीत बहुधा त्याच्या विमा कंपनीकडून, झालेल्या नुकसानीच्या मापाने ती वसूल करावयाची असते. मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही.

हा हक्क एका दिवसात आलेला नाही. १८५५ साली इंग्रज सरकारने प्राणघातक अपघातांचा कायदा केला तो मेलेल्याच्या वारसांपुरता. कामगारांसाठी १९२३ चा कायदा झाला. त्यातील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मोटार अपघातासाठी वेगळे न्यायाधिकरण असावे ही सोय १९३९ च्या मोटार कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली. सध्या चालतो तो १९८८ चा कायदा, २०१९ च्या दुरुस्त्यांसह. इतिहास एवढा पुरे.

दावा कोठे करावा? मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयात बसते. अपघात झाला तेथे, दावा करणारा राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज चालतो. आपली किती तरी मुले पुण्या-मुंबईला कामाला आहेत. तिकडे मुलाचा पाय मोडला तर दाव्यासाठी तिकडच्या कोर्टाचे खेटे घालावे लागतील म्हणून बाप गप्प बसतो. त्याचे कारण नाही. मुलगा येथे घरी येऊन राहिला असेल तर त्याचा अर्ज आपल्या जिल्ह्यातही होऊ शकतो.

मुदत मात्र ध्यानात ठेवा. १९९४ पासून बरीच वर्षे अशा अर्जाला मुदतच नव्हती, आणि ‘घाई काय आहे’ ही सवय त्या काळात लोकांना जडली. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिने ही मर्यादा पुन्हा आली. तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले आणि केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम हुकूम नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम हुकुमाच्या भरवशावर घर चालत नाही. पाच महिन्यांच्या आत अर्ज पडलाच पाहिजे, असे समजून चालावे हे बरे.

आता भरपाई मोजतात कशी ते पाहू. आमच्या मते सगळ्या विषयाचा गाभा येथे आहे. लोकांना वाटते, जखम जेवढी मोठी तेवढे पैसे मोठे. तसे नाही. त्या जखमेने त्या माणसाच्या कमाईतून आणि जगण्यातून काय हिरावून नेले, हे न्यायालय पाहते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निवाड्यात हे फार सुबोध रीतीने सांगितले. डावा हात तुटलेला सुतार किंवा गाडीवान कदाचित सगळीच कमाई गमावून बसतो. तोच हात तुटलेला सरकारी कारकून आपल्या खुर्चीवर बसून तेवढाच पगार घेत राहू शकतो. म्हणजे डॉक्टरचा दाखला शरीराचे अपंगत्व सांगतो. कमाईचे अपंगत्व किती, ते न्यायाधीशाने त्या माणसाचा धंदा पाहून ठरवायचे असते.

हे आकड्यांत पाहू. समजा, बाजारात शिलाई मशीन टाकून बसलेला एक ३२ वर्षांचा शिंपी आहे. महिना १२ हजार कमावतो. जीपने उडवले, उजव्या हाताचा पंजा निकामी झाला. स्वतंत्र धंदा करणारा माणूस चाळिशीच्या आत असेल तर पुढील वाढीसाठी कमाईत ४० टक्के मिळवावे, असा २०१७ चा प्रणय सेठी निवाडा आहे. आणि तो जखमींनाही लागू पडतो, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. तेव्हा १२ हजारांचे झाले १६,८००, वर्षाचे २,०१,६००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. हे गुणक २००९ च्या सरला वर्मा निवाड्यातले : २५ वर्षांपर्यंत १८, ३१ ते ३५ ला १६, ४१ ते ४५ ला १४, आणि पासष्टीच्या पुढे ५. आपल्या शिंप्याचा गुणक १६. रक्कम झाली ३२,२५,६००. त्याच्या दाखल्यावर साऱ्या शरीराचे अपंगत्व २० टक्के लिहिले आहे असे धरा. वकिलाने तोच आकडा पुढे केला तर त्याच्या हाती ६,४५,१२० रुपये येतात. पण उजव्या पंजाशिवाय कात्री चालत नाही, ही गोष्ट त्याने पुराव्याने दाखविली आणि न्यायालयाने कमाईचे नुकसान ६० टक्के धरले, तर तीच रक्कम १९,३५,३६० होते. जखम तीच, माणूस तोच, आणि फरक जवळजवळ १३ लाखांचा.

आता दुसरी बाजू. हा शिंपी १२ हजार कमावतो हे सांगतो कोण? हिशेबाची वही नाही, बँकेत भरणा नाही. न्यायालय मग सरकारने ठरविलेल्या किमान वेतनाचा किंवा अंदाजाचा आधार घेते. त्याने ८ हजार धरले तर वरच्या १९ लाखांचे १२,९०,२४० होतात. साडेसहा लाखांच्या आसपास रुपये एका वहीअभावी गेले. म्हणून आम्ही म्हणतो, भरपाईचा दावा अपघातानंतर सुरू होतो हे अर्धेच खरे आहे; रोजच्या व्यवहाराची नोंद ठेवणाऱ्याचा दावा आधीच अर्धा तयार असतो. कापडवाल्याची बिले, अडत्याच्या पट्ट्या, दूध डेअरीचे कार्ड, मोबाईलवरून आलेल्या पैशांचा बँक उतारा, शेतकऱ्याचा सातबारा आणि पेरेपत्रक, यांतले काहीही चालते. यापैकी काहीच नसेल तर शेजारच्या दुकानदाराने शपथेवर सांगितलेली हकीकतही पुरावाच असते.

घरातील बाईला इजा झाली तर? ‘ती कुठे कमावत होती’ असे म्हणून तिचा दावाच करीत नाहीत. जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३ हजार धरले होते. पुढच्या निवाड्यांनी ते वाढविले. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईचा हात मोडला की घराला तिच्या कामाची किंमत दोन दिवसांत कळते. न्यायालयाला ती कळायला वेळ लागला एवढेच.

कमाईखेरीज औषधोपचार, गाडीभाडे, सकस आहार, अंथरुणावरचे महिने बुडालेली मजुरी, पुढे लागणारी शस्त्रक्रिया, वेदना, आणि आयुष्यातील सुखाला मुकणे, या सर्वांची मागणी करता येते. आईने किंवा बायकोने केलेल्या शुश्रूषेचेही मोल न्यायालयांनी धरले आहे. मग प्रत्येक पावती जपा. मेहकरला तपासणीला गेलात तर रिक्षावाल्याकडून चिठ्ठी घ्या. लोक संकोचतात, संकोचाचे काही कारण नाही.

पहिल्या दिवशी काय करावे, हे दावा करणाऱ्याने नव्हे तर त्याच्या घरच्यांनी लक्षात ठेवायचे आहे, कारण जखमी माणूस शुद्धीवर नसतो. आधी दवाखाना. जखमीला नेणाऱ्या वाटसरूला पोलिसांनी अडकवून ठेवू नये असे कायदा सांगतो, तेव्हा कोणी भिऊ नये. ५ मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची सोय आहे. नेमलेल्या दवाखान्यात तिची विचारणा करा. दवाखान्यात ‘मोटारसायकलवरून पडला’ एवढेच लिहू देऊ नका. कोणत्या वाहनाने धडक दिली ते पहिल्या कागदावर आले पाहिजे. ते आले नाही की विमा कंपनीचा वकील दोन वर्षांनी तोच कागद पुढे धरून म्हणतो, ‘हा आपला आपण पडला.’ मग पोलीस ठाणे : फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा नंबर, लायसन आणि विमा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा, असा २०२२ च्या नियमांचा दंडक आहे. त्याच्या प्रती आपणही मागून घ्याव्यात.

चूक चालकाची होती, हे दाखवावे लागते. पण फौजदारी खटल्याइतक्या कडक पुराव्याने नव्हे. अधिक संभवनीय काय, एवढेच पाहतात. चालक फौजदारीतून सुटला म्हणून आपला दावा पडतो असेही नाही. मोटारसायकलवर तिघे होते हे ऐकताच लोक हाय खातात. तिघे बसणे गुन्हा खराच. परंतु त्यामुळे अपघात झाला वा इजा वाढली असे दिसल्याशिवाय भरपाई कापू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. चूक सिद्ध करणे शक्यच नसेल तर कलम १६४ खाली चूक न दाखविता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत होय. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर तहसील किंवा उपविभागीय महसूल कार्यालयाकडे अर्ज करावा : मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

आपलीच गाडी, आपलीच चूक, समोर कोणी नाही, अशा वेळी हे दार बंद असते. तेथे विम्याच्या हप्त्यातील मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण कामी येते. पॉलिसी काढताना ते आहे ना, हे वाचून घ्या. शेतकऱ्याला आणखी एक आधार आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख मिळतात. रस्त्यावरचाच अपघात हवा असे नाही; सर्पदंश आणि विजेचा धक्काही त्यात बसतो. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, आणि तोही लवकर.

वकिलाविषयी दोन शब्द. ‘मिळतील त्यातले इतके टक्के माझे’ असा करार वकिलाने करणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. फी ठरवा, पावती घ्या. ती झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अपंग, अनुसूचित जातिजमातींतील लोक आणि कामगार यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो हे खरे. पण तेथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी शिंप्याचे ते गणित आपल्या आकड्यांनी एकदा घरी करून पाहा, आणि समोरची रक्कम त्याच्याशी ताडा. दवाखान्यात उशाशी येऊन ‘येथे अंगठा लावा’ म्हणणाऱ्याला तर, तो कोणाचाही माणूस असो, सरळ उद्या यायला सांगावे.

निकालानंतर अर्जाच्या तारखेपासूनचे व्याजही न्यायालय देऊ शकते. रक्कम मोठी असेल तर तीपैकी काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याचा हुकूम होतो आणि व्याज दरमहा खात्यावर येते. हे पाहून पुष्कळांचा संताप होतो, ‘माझेच पैसे मला का नाहीत?’ जखमीच्या पैशावर सोयऱ्याधायऱ्यांची नजर फार लवकर जाते, म्हणून न्यायालयांनी ही पद्धत घातली. मुलाचे शिक्षण, पुढची शस्त्रक्रिया किंवा धंद्यासाठी यंत्र, अशा खऱ्या गरजेला कागद जोडून अर्ज केला तर ठेव मुदतीपूर्वी मोडण्याची परवानगी त्याच न्यायाधिकरणाकडून मिळू शकते.