करवंदाची बरणी : रानातून घ्यावे किती आणि कसे

वैशाख निम्मा सरला की सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर पानांचे द्रोण मांडलेले दिसू लागतात. त्यांत काळीभोर, टपोरी करवंदे असतात. ‘डोंगराची काळी मैना’ ही त्यांची जुनी ओळख. उन्हाळी सुटीत महाबळेश्वर-लोणावळ्याकडे निघालेली कुटुंबे क्षणभर थांबतात, एखादा द्रोण घेतात, मुलांची बोटे जांभळी होतात आणि गाडी पुढे निघते. महाबळेश्वरहून परतताना मात्र पिशवीत स्ट्रॉबेरीचा जॅम हमखास असतो. त्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच डोंगरउतारावर कोणी न लावता, कोणी न शिंपता वाढणाऱ्या करवंदाचा जॅम घरी सहज होतो आणि उत्तम होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पण रानफळ घरी आणायचे म्हटले की पाककृतीआधी दुसराच प्रश्न उभा राहतो. जे आपण पेरले नाही, ते घ्यावे किती आणि कसे?

जांभळीखालचे सहा प्रवासी

लेश्यांचा दृष्टान्त प्रत्येक जैन घरात पाठशाळेपासून परिचित आहे. भुकेलेले सहा प्रवासी फळांनी लगडलेल्या जांभळीखाली येतात. पहिला झाड मुळासकट पाडू म्हणतो. दुसऱ्याला मोठ्या फांद्या तोडाव्याशा वाटतात, तिसऱ्याला डहाळ्या, तर चौथ्याला फळांचे घोस. पाचवा केवळ पिकलेली फळे तोडू म्हणतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली फळेच आपल्याला पुरेशी आहेत. भूक सर्वांची सारखी आणि फळही एकच. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंतचे सारे अंतर घेण्याच्या रीतीत आहे.

करवंदाच्या जाळीपाशी हे सहाही जण आजही भेटतात. काट्यांचा त्रास नको म्हणून कोयत्याने फांदी तोडणारे आहेत, तसेच कच्ची-पिकी एकदम ओरबाडणारेही आहेत. वास्तविक पिकलेले करवंद हलक्या स्पर्शाने देठापासून सुटते. ओढावे लागले तर ते अजून तयार नाही, असे समजावे. जमिनीवर पडलेल्या फळांना मात्र बहुधा मुंग्या लागलेल्या असतात. तेथे हात घातल्यास जीवविराधना होते आणि जॅमही बिघडतो. म्हणून या कामापुरती पाचव्या प्रवाशाची रीत योग्य. जाळीत उरलेली फळे बुलबुलांची आणि इतर रानजीवांची असतात.

वाट्टेल तेथे फळे तोडण्याची मोकळीकही नाही. राखीव वने व अभयारण्ये यांतून पर्यटकांनी फळे तोडणे कायद्याला धरून नाही. शेताच्या बांधावरची जाळी ही त्या शेतकऱ्याची. वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासी कुटुंबांना दिला आहे. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, ही व्याख्या रानालाही लागू पडते. त्यामुळे शहरातील कुटुंबासाठी सर्वांत निर्दोष मार्ग म्हणजे घाटात बसलेल्या कातकरी, ठाकर वा धनगर भगिनींकडून फळे विकत घेणे.

अनोळखी फळ नकोच

अज्ञातफळाचा त्याग सांगणाऱ्या परंपरेत वंकचूलाची कथा आहे. चोरांच्या या म्होरक्याने अनोळखी फळ न खाण्याचा नियम घेतला होता. भुकेच्या वेळी साथीदारांनी दिसायला सुंदर अशी किंपाकफळे खाल्ली आणि ते प्राणास मुकले. नियमाने वंकचूल वाचला.

वनस्पतिशास्त्रही हेच बजावते. करवंद ज्या कुळातले, त्याच कुळात कण्हेर आणि बिट्टी ही विषारी झाडे येतात आणि चीक तिघांनाही असतो. तेव्हा केवळ चीक किंवा रंग पाहून फळ ओळखू नये. जाळीदार झुडूप, जोडीने येणारे कठीण काटे, समोरासमोर असलेली जाड चकचकीत पाने आणि आत मोजक्या चपट्या बिया, ही करवंदाची लक्षणे जाणत्या माणसाकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावीत.

काही घरांत बोरे, जांभळे, करवंदे यांसारखी लहान रानफळे तुच्छफळ मानून वर्ज्य करतात. तेथे कुलपरंपरा व गुरुजनांचे वचन प्रमाण मानावे.

कृती

जॅम घट्ट होण्यास तीन गोष्टी लागतात : पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन हे फळांतच असणारे वनस्पतिजन्य द्रव्य होय. करवंदात ते आणि आंबटपणा दोन्ही भरपूर असतात. त्यामुळे वेगळी पूड, जिलेटिन किंवा लिंबू यांतले काहीच घालावे लागत नाही. पूर्ण पिकलेल्या फळात पेक्टिन कमी होते, म्हणून एक किलोत पाऊण किलो काळी व पाव किलो लालसर, अर्धपिकी करवंदे घ्यावीत.

काम दिवसाउजेडी करावे. फळे गाळलेल्या पाण्यात तीन-चार वेळा हलक्या हाताने धुवावीत. बोटांना तेल लावल्यास चीक चिकटत नाही. मग प्रत्येक फळ उभे चिरून आत पाहावे. कीड दिसलेले फळ हलकेच बाजूला ठेवावे आणि उरलेल्यांच्या बिया काढाव्यात. एक किलोला तासभर सहज लागतो. हा तास वाचवू नये. आख्खी फळे शिजवून मग गाळण्याची सोपी रीत प्रचलित आहे, परंतु तीत आतली कीड दिसतच नाही.

चिरलेली फळे स्टीलच्या रुंद पातेल्यात एक वाटी पाण्यासह झाकून मऊ शिजवावीत. लोखंड, पितळ किंवा अॅल्युमिनियमचे भांडे आंबट फळाला चालत नाही. गर चाळणीतून दाबून काढावा व तोलावा. पाऊण किलो गर निघाला तर पाऊण किलो साखर घ्यावी. साखर मंद आचेवर विरघळू द्यावी, मग आच वाढवून सतत ढवळावे.

जॅम झाला हे ओळखण्यासाठी गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने सरकवावा. वर सुरकुती पडली की उतरवावा. तराजूवर विश्वास असणाऱ्यांसाठी याहून नेमकी खूण आहे. रिकामे पातेले आधी तोलून ठेवावे. गर आणि साखर मिळून दीड किलोचे मिश्रण आटून सुमारे सव्वा किलो झाले की जॅम तयार. तापमापक असल्यास पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा चार-पाच अंश अधिक, असा हिशेब ठेवावा. मुंबईत तो १०४ ते १०५ अंश सेल्सिअस येतो. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच सुमारे ९५-९६ अंशांना उकळते, तेथे १०० च्या आसपास थांबावे. तेथेही १०५ ची वाट पाहणाऱ्याच्या हाती कडक गोळा येतो.

गरम जॅम उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत भरावा. चमचा नेहमी कोरडाच वापरावा. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचा खाऊ नये. बुरशी अनंतकाय मानली आहे आणि तिचे तंतू डोळ्यांना न दिसता खोलवर गेलेले असतात. आर्द्रा नक्षत्रापासून आंबा वर्ज्य करणाऱ्या घरांनी ही बरणीही त्याआधी संपेल एवढीच करावी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एक किलो फळांचा जॅम एका कुटुंबाला पुरेसा होतो.

चेरी नव्हे, करवंद

या फळाची एक बाजारकथा व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी आहे. केकवर आणि पानात दिसणारी लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा करवंदच असते. बिया काढायच्या, मूळ रंग उतरवायचा, साखरेच्या पाकात मुरवायचे आणि वरून लाल रंग द्यायचा. करवंद स्वतःच्या नावाने द्रोणात विकले जाते तेव्हा त्याला भाव नसतो. परक्या नावाने ते काचेच्या कपाटात जाते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत एकाच्या जागी दुसरी वस्तू खपवणे हा प्रतिरूपकव्यवहार आहे. खोटी वजने-मापे म्हणजे हीनाधिकमानोन्मान, हा दुसरा.

मापाचा प्रश्न ग्राहकालाही लागू होतो. काट्यांत हात घालून एकेक फळ वेचायचे, ऊन चढण्याआधी टोपली डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा आणि संध्याकाळपर्यंत माल विकायचा, कारण पिकलेले करवंद दोन दिवसही टिकत नाही. हे तिला ठाऊक असते आणि गाडीतून उतरणाऱ्यालाही. नाशवंत माल घेऊन बसलेल्या माणसाची घाई ओळखून भाव पाडणे हे पेढीवर चतुराईचे लक्षण ठरत असेल, पण जॅमच्या बरणीत ते गोड लागत नाही. किलोभर फळे एकदम घेणाऱ्याने सांगितलेला भाव द्यावा आणि पाव किलो लालसर फळे आवर्जून मागून घ्यावीत. ती सहसा कोणी घेत नाही, त्यामुळे तिचीही सोय होते.

मृगाचा पाऊस आला की करवंदे पाणचट होतात, फुटतात आणि हंगाम संपतो. तोवर ज्यांनी एक बरणी भरली, त्यांच्या मुलांना न्याहारीच्या वेळी एक गोष्ट सांगता येईल. या बरणीवरचे नाव खरे आहे, यातले प्रत्येक फळ उघडून पाहिलेले आहे आणि त्याचे पैसे पूर्ण दिलेले आहेत.