रोजा, सायकल आणि लाल माती

रमजानमध्ये व्यायाम करावा का, हा प्रश्न दरवर्षी हमखास विचारला जातो. फिरायला जाणाऱ्यांसाठी उत्तर सोपं आहे. इफ्तारच्या तासभर आधी निघा, अजान होईतो घरी या. पण खडीवरून ८० किलोमीटर सायकल हाणायची असेल तर?

माझा भाचा अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात नोकरीला आहे. तिथून शंभरेक किलोमीटरवर स्टिलवॉटर नावाचं गाव आहे. तिथे २०१३ पासून दर मार्चमध्ये हंगामाच्या सुरुवातीची एक मोठी सायकल शर्यत होते. तिचं आताचं नाव ‘मिड साउथ’. रस्ता बहुतांशी कच्चा, खडीचा आणि लाल मातीचा. ही माती कोरडी असली तर धुरळा उडतो. भिजली तर चाकांत आणि साखळीत अशी चिकटते की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. मुख्य पल्ला सुमारे १६० किलोमीटरचा, हौशी मंडळींसाठी त्याच्या निम्मा. संयोजक बॉबी विंटल शर्यत पूर्ण करणाऱ्याला मिठी मारतात; पहिल्याला आणि अगदी शेवटच्यालाही.

२०२५ मध्ये शर्यत ठरली होती १५ मार्चला, ऐन रमजानमध्ये. भाचा दिवसभर रोजा ठेवायचा आणि तरावीह झाल्यावर दिवा लावून तासभर सायकल चालवायचा. शर्यतीच्या दिवसाचा पेच मात्र वेगळा होता. जोर लावून सायकल चालवली की अंगात साठवलेली साखर दोनेक तासांत संपत येते. पाणी तासाला अर्धा लिटर तरी लागतं, आणि सेहरीला कितीही प्यालं तरी ते दिवसभर पुरत नाही. शर्यत हे काही रोजा सोडण्याचं कारण नव्हे. पण लांबच्या मुसाफिराला सवलत आहे. राहिलेला रोजा त्यानं नंतर कजा म्हणून ठेवायचा.

‘‘मामू, सवलत घ्यायची तर मन खातंय,’’ तो फोनवर म्हणाला.

‘‘अरे, सवलतसुद्धा अल्लाहनंच दिलीय,’’ मी म्हटलं.

तो शुक्रवारी, १४ मार्चला स्टिलवॉटरला पोचला. आपल्याकडे त्या दिवशी धुळवड होती आणि रमजानचा दुसरा जुम्मा. तिकडे वारा असा सुटला होता की उभं राहणं मुश्कील. त्या वाऱ्यानं राज्यभर १३० हून अधिक वणवे पेटवले, ४०० हून अधिक घरांचं नुकसान झालं. आग स्टिलवॉटरच्या वस्तीपर्यंत आली, लोकांना घरं सोडायला सांगितलं गेलं. शर्यत रद्द झाली.

भाचा ज्या घरी उतरला होता, तिथलं जोडपं सत्तरीच्या पुढचं. त्यानं गाडीतून सायकल उतरवून ठेवली आणि त्या जागी दोघांना, त्यांच्या औषधांच्या पिशवीसह बसवलं. धुरातून वाट काढत गाडी गावाबाहेर निघाली. त्याचा रोजा होता, हे आजीबाईंना सकाळीच कळलं होतं. धुरानं सूर्य दिसेना, तशी त्यांनीच घड्याळ पाहून विचारलं, ‘‘तुझी वेळ झाली का रे?’’ रस्त्याकडेला गाडी थांबवून तिघांनी शर्यतीसाठी आणलेले खजूर, केळी खाल्ली, त्याच बाटल्यांतलं पाणी प्यायले.

सुदैवानं त्यांचं घर वाचलं. अंगणातली सायकलही राखेनं माखलेली, पण शाबूत मिळाली. दुसऱ्या दिवशी शर्यत नव्हती, म्हणून भाच्यानं सवलत घेतली नाही. सेहरी करून रोजा ठेवला आणि शेजारच्या गल्लीत जळकं सामान उपसायला गेला.

इतक्या महिन्यांची मेहनत वाया गेली का, असं मी विचारलं. ‘‘पाय तयार होते, मामू,’’ तो म्हणाला. ‘‘त्या दिवशी फक्त काम दुसरं निघालं.’’