क्ष-किरणांचा शंकू

घरातला दिवा लावला की उजेड चहूकडे पसरतो. हातातल्या विजेरीचा झोत मात्र शंकूच्या आकाराने पुढे जातो. क्ष-किरणांच्या नळीतही तसेच घडते. एका बारीक ठिपक्यातून किरण निघतात आणि शिशासारख्या जड धातूच्या झडपा त्यांना ठरावीक मर्यादेत ठेवतात. जबड्याचे त्रिमिती चित्र घेणारे यंत्र असाच झोत रुग्णाभोवती फिरवते. हा झोत संगणकात कसा मांडतात, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

कलाशाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. मी संख्याशास्त्र घेऊन बी.ए. करतो. माझा मावसभाऊ एका रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीचे काम पाहतो. तो एकदा म्हणाला, "अरे, तुमचे संभाव्यतेचे गणित आमच्याकडे रुग्णाच्या कामी येते. बघायला तरी ये!" मी गेलो, आणि पाहिले ते असे.

यंत्रातून रुग्णाच्या शरीरात किती किरणमात्रा जाईल, हे शोधण्यासाठी माणसावर पुन्हा पुन्हा किरण सोडणे योग्य नव्हे. म्हणून लाखो फोटॉन संगणकात एकेक करून सोडतात आणि प्रत्येकाचे पुढे काय होते, ते यदृच्छ संख्यांनी ठरवितात. हीच 'माँटे कार्लो' पद्धत. मेट्रोपोलिस आणि उलाम यांनी १९४९ साली याच नावाचा लेख प्रसिद्ध केला होता. 'जीआंट-४' या संचावर उभारलेली 'गेट' ही प्रणाली याच पद्धतीने चालते.

पहिले काम शंकूचा कोन काढण्याचे. समजा, उगमापासून पडदा १००० मिलिमीटर दूर आहे आणि तो ४०० मिलिमीटर बाजूचा चौरस आहे. मध्यापासून कडेपर्यंत २०० मिलिमीटर. म्हणजे अर्धकोन ११.३ अंश. पण एवढ्याने चौरसाचे कोपरे अंधारात राहतील! कोपरा मध्यापासून सुमारे २८३ मिलिमीटरवर असतो. म्हणून अर्धकोन १५.८ अंश घ्यावा लागतो.

दुसरे काम किरणांच्या वाटणीचे. शून्यापासून १० अंशांपर्यंतचा प्रत्येक कोन सारख्याच वेळा निवडला, तर निम्मे किरण पहिल्या ५ अंशांत जमा होतात. वस्तुतः तेवढ्या भागात चौथा हिस्साच पडावयास हवा, कारण मध्याजवळची वर्तुळे लहान असतात. यावर उपाय असा की कोन समान न वाटता त्याची कोज्या समान वाटावयाची. गेटमधील 'आयसो' हा पर्याय निवडला की हे आपोआप होते.

तिसरे काम दिशेचे. या पर्यायात शून्य अंशाचा किरण मुळात ऋण झेड अक्षाकडे जातो. पडदा धन बाजूला ठेवला, तर त्यावर काहीच उमटत नाही. तेव्हा एक तर अक्ष फिरवावे, नाही तर कोन १८० अंशांच्या बाजूने मोजावेत.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. चहूकडे किरण फेकणाऱ्या उगमातून १५.८ अंशांच्या शंकूत सुमारे १.९ टक्केच किरण येतात. संगणकाचे श्रम वाचावेत म्हणून आपण फक्त तेवढेच सोडतो. मात्र उगमाची शक्ती सर्व दिशांची मिळून दिली असेल, तर उत्तराला या १.९ टक्क्यांनी गुणलेच पाहिजे. ते राहिले, तर किरणमात्रा सुमारे ५३ पट अधिक दिसते. चित्रावरून ही चूक ओळखू येत नाही, कारण चित्राचा आकार तोच राहतो. बदलतो तो आकडा, आणि उपचाराचा निर्णय आकड्यावर घेतात.

म्हणून रुग्णाची प्रतिकृती ठेवण्यापूर्वी मावसभाऊ रिकाम्या जागेत एक काल्पनिक पडदा धरतो आणि त्यावरच्या ठिपक्यांची मोजणी हाताने केलेल्या गणिताशी ताडून पाहतो. आमच्या वर्गातील ज्या मित्रांना कोज्या ही केवळ परीक्षेपुरती वाटते, त्यांनी ही मोजणी एकदा अवश्य करून पाहावी.