कुलूप जाड, पण बिजागरी कच्ची



१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची बंदी. ६१ दिवस इंजिन, जाळी, दोरखंड सगळं खोपीत पडून असतं. पावसाच्या आवाजात कोणी दार उचकटलं तरी शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून मे महिन्यातच खोपीच्या दाराकडे एकदा नीट बघा, एवढीच विनंती.

आपण बघतो काय, तर कुलूप. दुकानात जाऊन मोठ्यातलं मोठं कुलूप आणायचं, की झालं. चोर मात्र दुसऱ्या बाजूने बघतो. आपल्या खोपी आत जाळ्यांनी भरलेल्या, त्यामुळे दार बाहेर उघडणारं. म्हणजे बिजागरीची पिन बाहेर. खालून खिळा धरून दोन ठोके मारले की पिन वर येते आणि कुलपासकट दार हातात!

यावर उपाय स्वस्त आहे. पिनच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टिपका मारून घ्या. शिवाय बिजागरीच्या बाजूला, दाराच्या कडेत, वर आणि खाली लोखंडी सळीचा एकेक तुकडा ठोका, अर्धा इंच बाहेर राहील असा. समोर चौकटीत तेवढंच भोक पाडा, किंचित सैल. दार बंद झालं की सळी भोकात बसते. मग पिन काढली तरी दार त्या बाजूने ओढून निघत नाही. सुताराला हे तासाभराचं काम.

आता स्क्रू. बिजागरी आणि कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेला असेल, तर पहारेच्या एका दणक्यात सुटतो. आरपार बोल्ट टाका. गोल गुळगुळीत डोकं बाहेर, नट आतून, नटाखाली रुंद वॉशर किंवा लोखंडी पट्टी. प्लायवूडचं दार असेल तर पट्टी हवीच, नाहीतर बोल्ट प्लाय फाडून बाहेर येतो. कोयंडाही असा घ्या, की बंद केल्यावर त्याचे बोल्ट त्याच्याच खाली झाकले जातील. कुलपाची कडी लांब नको. फट राहिली की पहार घालायला जागा मिळाली. चौकट भिंतीत हलत असेल तर हे सगळं फुकट. आधी होल्डफास्ट काँक्रीटमध्ये पक्के करून घ्या.

खाऱ्या वाऱ्याचं वेगळं सांगायला नको. साधं लोखंड दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतं. स्टीलमध्येही फरक आहे: ३०४ ला किनाऱ्यावर तांबूस डाग पडतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला जास्त टिकतं. महाग आहे, पण दाराला लागतात किती! एक मात्र करू नका, स्टीलच्या बिजागरीला साधे जस्त चढवलेले स्क्रू. दोन धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की स्क्रूच आधी खाल्ला जातो. बिजागरी चकचकीत दिसते, आत स्क्रूची नुसती माती.

पावसात दार फुगतं, कडी लागत नाही, आणि मग आपली मंडळी सुतळीने बांधून घरी जातात. हे दरवर्षी बघतो आम्ही. उन्हाळ्यातच दाराच्या कडा रंधून, त्यांना, खालच्या कडेलासुद्धा, रंग मारून घ्या. पाणी तिथूनच शिरतं.

आणि इंजिनचा नंबर, त्याचा फोटो आणि खरेदीचं बिल घरी ठेवा, खोपीत नको. तक्रार नोंदवायची वेळ आली तर पोलीस पहिल्यांदा तोच नंबर विचारतात.