काटा हलतो, आकडा हलत नाही

जुनी गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक बॉनेट उघडण्याआधी खिडकीतून आत डोकावतं आणि विचारतं, "किती चाललीय?" उत्तर मीटरवर असतं. पण पंचवीस-तीस वर्षांच्या पद्मिनीत किंवा मारुती 800 मध्ये ते उत्तर पुष्कळदा कधीचंच थांबलेलं असतं. वेगाचा काटा बंद पडला की मालक गॅरेज गाठतो. किलोमीटरचे आकडे बंद पडले तर मात्र 'गाडी चालतेय ना' म्हणत वर्षं निघून जातात. मग ऑइल कधी बदलायचं, टायमिंग बेल्ट किती चालला, अ‍ॅव्हरेज किती पडतं, सगळंच अंदाजपंचे होऊन बसतं.

या दुरुस्तीत कामं दोन आहेत. बंद पडलेलं यंत्र चालू करायचं आणि ते बंद होतं त्या काळाचा हिशेब खरा ठेवायचा. पहिलं काम कारागिराचं, दुसरं मालकाचं. बहुतेक जण पहिल्यावर थांबतात.

खड्यांपासून आकड्यांपर्यंत

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढायची युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अशा रथाचं वर्णन केलं आहे. चाकाच्या एका फेरीत रथ साडेबारा फूट पुढे जाई. चाक 400 दात्यांच्या चकतीला दर फेरीला एक दाता ढकले. 400 फेऱ्या झाल्या की 5000 फूट, म्हणजे एक रोमन मैल पुरा होई आणि एक खडा खालच्या भांड्यात पडे. मुक्कामी खडे मोजायचे की प्रवास कळला.

आपल्या मीटरमध्ये खड्यांच्या जागी आकड्यांची चाकं आली, तत्त्व तेच राहिलं. गिअरबॉक्समधला एक लहान पिनियन मीटर केबल फिरवतो. केबल डॅशबोर्डमागे मीटरच्या चौकोनी भोकात बसते आणि आतला एक आस फिरवते. या आसावर दोन बिऱ्हाडं असतात. टोकाला लोहचुंबक आणि त्याभोवती त्याला न टेकणारी अ‍ॅल्युमिनियमची वाटी. चुंबक फिरला की वाटीत विद्युतप्रवाह उमटतात, वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंगच्या विरोधात काटा वर चढतो. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. त्याच आसावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असतात. ते लहान गिअरमार्फत किलोमीटरचे आकडे फिरवतात.

वेग चुंबकाच्या ओढीने दिसतो, अंतर मात्र दात्यात दाता अडकवून मोजलं जातं. काटा ठणठणीत असताना आकडे का थांबतात, याचं उत्तर इथेच आहे. काट्याकडे झिजण्यासारखं फारसं नाही. आकड्यांकडे मात्र गिअर आहेत आणि त्यांच्यावरचं काम अवाढव्य आहे. जपानी धाटणीच्या मीटरमध्ये केबलच्या 637 फेऱ्यांना एक किलोमीटर धरतात. लाख किलोमीटर व्हायला केबल 6 कोटी 37 लाख वेळा फिरते.

फेरी कुठे हरवली?

मीटर उघडण्याआधी दोष कुठे आहे ते ठरवावं. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर संशय केबलवर किंवा गिअरबॉक्सच्या पिनियनवर घ्यायचा. काटा चालू, आकडे बंद, तर दोष मीटरच्या आत. आकडे चालू आणि काटा मेलेला, तर चुंबक, वाटी किंवा स्प्रिंग पाहायची. काटा थरथरत असेल, मागून किरकिर येत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तिला घडी बसली आहे.

केबलची परीक्षा सोपी. मीटरकडचं टोक सोडवून गाडी थोडी पुढे ढकलावी. आतली तार फिरली तर गिअरबॉक्सपासून इथवर सगळं ठीक. नाही फिरली तर तार बाहेर ओढून पाहावी. तुटली असेल तर अर्धीच हातात येते. अख्खी आली तर तिची चौकोनी टोकं गोल झाली आहेत का ते बघावं, आणि सपाट फरशीवर तळव्याखाली लाटून पाहावं. सरळ तार गुळगुळीत घरंगळते, मुरडलेली मध्येच उडी मारते. अशी तार कितीही ग्रीस लावलं तरी काटा नाचवतच राहणार.

ग्रीस लावताना मीटरकडची शेवटची पाच-सहा इंच तार कोरडी ठेवतात. तारेचे वेढे फिरताना ग्रीस हळूहळू वर चढवतात. एकदा ते मीटरमध्ये शिरलं की वाटी आणि चुंबक चिकटलेच. नवी केबल टाकण्याआधी मीटरचं चौकोनी भोक बोटांत धरलेल्या काडीने फिरवून बघावं. ते जड लागत असेल तर आतलं बेअरिंग कोरडं आहे, आणि नवी केबलही लवकरच तुटेल. केबलवर केबल बदलणाऱ्यांचा दोष बहुधा इथे असतो.

मीटर उघडल्यावर

बॅटरीची ऋण तार काढून डॅशबोर्डचं पॅनल सोडवायचं. उघडलेल्या मीटरमध्ये पाच चाकं शेजारी शेजारी बसलेली दिसतात, प्रत्येकावर शून्य ते नऊ. दोन चाकांच्या मध्ये एक इवलासा पिनियन असतो. उजवं चाक नवावरून शून्यावर येताना त्याच्या अंगावरचे दोन दाते या पिनियनला ढकलतात आणि तो डावं चाक एका घराने पुढे सरकवतो. शाळेतली हातच्याची बेरीज इथे प्लास्टिकचे दाते करत असतात.

सर्वांत उजवं चाकच हलत नसेल तर वर्मपासून त्या चाकापर्यंतचा एखादा गिअर गेला आहे. त्याची दोन रूपं दिसतात. एकात प्लास्टिक जुनं होऊन गिअर तडकतो किंवा दाते झडतात. व्होल्वो 240 या गाडीचा लहान गिअर याबाबतीत जगभर बदनाम आहे. दुसऱ्या रूपात गिअर शाबूत असतो, पण आसावर घट्ट बसलेला असायचा तो सैल होऊन जागच्या जागी घसरतो. 1976 मध्ये आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू 123 मालिकेत हा दोष नेहमीचा. तिथे आस बाहेर काढून, गिअर बसतो तेवढी जागा खरबरीत करून पुन्हा दाबून बसवतात.

तुटलेला दाता गोंदाने टिकत नाही. भंगारातल्या त्याच बनावटीच्या मीटरमधून गिअर काढणं सगळ्यांत स्वस्त. त्यासाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालता येतो. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडल्या, तिथेच त्यांचे सुटे भाग शोधायचे. मिळालाच नाही तर दाते आणि व्यास मोजून पितळेचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर गिअर करून घेता येतो. दात्यांची संख्या एकानेही चुकली की मीटर चालेल, पण खोटं मोजेल.

आतली सफाई कोरड्या मऊ ब्रशने करावी. पेट्रोल किंवा थिनर लागला तर आकड्यांचा रंगच निघून येतो. काटा उपटू नये. काढावाच लागला तर तो टेकतो ती जागा आधी खुणेने टिपावी. आणि गाडी धावत असताना ट्रिप मीटर शून्यावर आणायची सवय सोडावी. कित्येक मीटरचे दाते त्या एका दाबाने गेले आहेत.

खरं मोजतो का?

दुरुस्तीनंतर महामार्गावर दहा किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून पाहावा. फरक आला तर आधी टायर बघा. मारुती 800 ला 145/70 आर 12 मापाचे टायर असतात. त्या जागी 145/80 बसवले की चाकाचा घेर साधारण पावणेसहा टक्क्यांनी वाढतो, आणि गाडी शंभर किलोमीटर गेली तरी मीटर पंचाण्णवच्या आतबाहेर दाखवतो. यात मीटर निर्दोष असतो.

बुडालेले किलोमीटर

आता मालकाचं काम. मीटर उघडा असताना आकडे बोटाने कुठेही नेता येतात, आणि कारागीरही सहज विचारतो, "किती ठेवू?" उत्तर एकच असावं: होता तोच ठेवा. बंद काळातलं अंतर अंदाजाने काढता येतं. त्या काळात 240 लिटर पेट्रोल लागलं आणि गाडी लिटरला सोळा देत असेल, तर 3840 किलोमीटर झाले. पण हा अंदाज मीटरवर चढवण्यापेक्षा सर्व्हिस बुकात लिहिलेला बरा. मीटरवरचा आकडा मोजलेला असतो, अंदाज हा अंदाजच. दोन्हींची सरमिसळ केली की एकावरही भरवसा उरत नाही.

अमेरिकेच्या संघीय कायद्याने हा प्रश्न नेटका सोडवला आहे. दुरुस्तीत जुनं रीडिंग कायम ठेवता येत नसेल तर मीटर शून्यावर आणायचा आणि आधीचं रीडिंग व दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवायची. ती काढणं बेकायदा. आपल्याकडे मीटर मागे फिरवून गाडी विकणं फसवणुकीत मोडतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठी आहे. पण ते सिद्ध करणं घेणाऱ्याच्या गळ्यात पडतं. म्हणून मीटर बदलला किंवा उघडला की बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग आणि तारीख. मीटर कधीपासून बंद होता, हेही त्याखाली आपल्या हाताने लिहावं.

घेणाऱ्यानेही नुसत्या आकड्यावर जाऊ नये. पाच आकडी मीटर 99,999 नंतर पुन्हा शून्यावर येतो, त्यामुळे 40,000 म्हणजे 1,40,000 असू शकतात. आकडे एका ओळीत नसतील, एखादा अर्धवट चढलेला असेल, तर मीटर उघडला गेल्याचा संशय घ्यावा. अर्थात झिजेनेही तसं होतं. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची झीज आणि जुनी बिलं यांची साक्ष काढावी. ही साक्ष आकड्याशी जुळली तर बरं. नाही जुळली आणि मालकाने बिल पुढे करून 'मीटर मध्ये वर्षभर बंद होता' असं स्वतःहून सांगितलं, तर अशी गाडी घ्यायला हरकत नाही. जिचा मीटर कधीच बिघडला नाही असं छातीठोकपणे सांगितलं जातं, त्या तीस वर्षांच्या गाडीपेक्षा हीच जास्त भरवशाची.